कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ ऐकायचा कसा, आणि त्याच्यावरचं लिखाण वाचायचं कधी

जाझ ऐकायला सुरुवात करणाऱ्याला कोणी ना कोणी अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या अल्बमचं नाव सांगतंच. मग तो माणूस आधी त्याबद्दल वाचतो. जाझमधला सर्वांत आध्यात्मिक अल्बम, विसाव्या शतकातली महान कृती, ऐकून लोकांची आयुष्यं बदलली, असं बरंच काही. एवढं सगळं डोक्यात घेऊन तो ऐकायला बसतो, दहाव्या मिनिटाला गोंधळतो आणि ‘आपल्याला यातलं काही कळत नाही’ म्हणून बंद करतो. माझंही हेच झालं होतं. दुसऱ्यांदा हा अल्बम मी लावला तो बऱ्याच वर्षांनी, आणि त्या वेळी समोर वाचायला काहीच नव्हतं, घरातली पेटी तेवढी होती. त्या दिवशी तो कानात शिरला.

म्हणून इथला क्रम असा ठेवला आहे: आधी ऐकणं, मग समीक्षा. समीक्षा मला मनापासून आवडते आणि या अल्बमवरची तर फारच वाचनीय आहे. पण ती स्वतःच्या कानांनी ऐकून झाल्यावर वाचली, तर तिच्याशी बोलता येतं. आधी वाचली तर नुसती मान डोलावली जाते.

ऐकण्याआधी एवढं पुरे

९ डिसेंबर १९६४ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, एंगलवूड क्लिफ्स या गावी, रूडी व्हॅन गेल्डर या ध्वनिमुद्रकाच्या स्टुडिओत चार वादक जमले. टेनर सॅक्सोफोनवर ३८ वर्षांचा कोल्ट्रेन, पियानोवर मकॉय टायनर, डबल बास या खर्जाच्या उभ्या तंतुवाद्यावर जिमी गॅरिसन आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स. चौघं काही वर्षं सतत एकत्र वाजवत होते. त्या एका बैठकीत अख्खा अल्बम झाला. निर्माता होता बॉब थील, कंपनी इम्पल्स, आणि अल्बम बाजारात आला १९६५ च्या सुरुवातीला.

चार भाग, मिळून साधारण ३३ मिनिटं. ‘ॲक्नॉलेजमेंट’, ‘रेझोल्यूशन’, ‘पर्सुअन्स’ आणि ‘साम’. मान्य करणं, निश्चय करणं, त्याचा पाठपुरावा करणं आणि शेवटी स्तोत्र. नावांतूनच एका साधकाची वाट दिसते. बाकी चरित्र, पुरस्कार, याद्या सध्या बाजूला ठेवा.

पायरी १: आवाजाची सोय करा

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम लावू नका. या संगीताचा कणा बासमध्ये आहे आणि मोबाइलच्या स्पीकरमधून बास जवळजवळ ऐकूच येत नाही. साधे वायरचे इअरफोन किंवा घरातला जुना म्युझिक सिस्टीम, काहीही चालेल.

ॲपवर शोधलंत तर याच्या अनेक आवृत्त्या सापडतील. २००२ आणि २०१५ च्या विस्तारित संचांत बरंच जादा ध्वनिमुद्रण आहे. सुरुवातीला फक्त मूळ चार भाग घ्या. क्रम उलटसुलट करणारं बटण बंद ठेवा. दोन गाण्यांचे आवाज एकमेकांत मिसळण्याची सोय चालू असेल तर तीही बंद करा, कारण मूळ रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ‘पर्सुअन्स’ आणि ‘साम’ एकमेकांना लागूनच येतात आणि तो सांधा जसा आहे तसाच ऐकायचा आहे.

३३ मिनिटं सलग मिळतील अशी वेळ निवडा. गाडी चालवताना, स्वयंपाक करताना नंतर कितीही वेळा ऐका, पहिल्यांदा मात्र नको.

पायरी २: पेटीवर चार स्वर वाजवा

घरी पेटी नसेल तर मोबाइलवर पियानोचं एखादं ॲप उतरवून घ्या. पांढरी चार धरा, हा तुमचा सा. आता वाजवा: पांढरी चार, काळी चार, पांढरी चार, काळी पाच. म्हणजे सा, कोमल ग, सा, म. सावकाश आठ-दहा वेळा वाजवा, मग पेटी बंद करून तेच गुणगुणा.

अल्बमच्या पहिल्या भागाचं बीज म्हणजे हे चार स्वर. त्यांवर ‘अ लव्ह सुप्रीम’ हे शब्द बरोबर बसतात. आपल्याकडे मुखडा पक्का झाला की गवई कुठे गेला आणि कुठून परतला हे सामान्य श्रोत्यालाही कळतं. इथेही तसंच आहे. हे चार स्वर तोंडात बसले की निम्मी भीती जाते. माझ्या ओळखीतल्या ज्या लोकांनी ही पायरी टाळली, त्यांना पहिला भाग ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच काहीतरी’ वाटला. ज्यांनी केली, त्यांना त्यात गोष्ट ऐकू आली.

आता अल्बम लावा. सुरुवातीला एल्विन जोन्स गाँगवर आघात करतो, त्याच्या घुमण्यावर सॅक्सोफोन एक छोटी ललकारी देतो. अर्ध्या मिनिटानंतर सगळं शांत होतं आणि बास एकटा चालू लागतो. तोच तो: सा, कोमल ग, सा, म. ड्रम्स आणि पियानो त्याच्याभोवती हळूहळू जमतात, मग कोल्ट्रेन येतो.

पाचव्या मिनिटाच्या आसपास कान टवकारा. कोल्ट्रेन आता फक्त तेच चार स्वर वाजवू लागतो, पण प्रत्येक वेळी पट्टी बदलून. पांढरी चार, मग दुसरी, मग तिसरी, असं करत तो बाराही पट्ट्या पालथ्या घालतो. बास आणि पियानो त्याच्या मागे धावत नाहीत, त्यामुळे काही ठिकाणी कानाला खटकतं. ते खटकणं हवंच आहे. हे चार स्वर कुठल्याही एका घराचे नाहीत, कुठेही जा, तिथे ते आहेतच, असं तो वाजवून सांगतो आहे. आपल्या भक्तिपरंपरेत वाढलेल्याला याचा वेगळा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सहाव्या मिनिटानंतर माणसाचा आवाज येतो. कोल्ट्रेन स्वतःच ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो. हा आवाज नंतर वर मुद्रित केलेला आहे. गायन म्हणून तो साधा, जाडसर, सपाट आहे, आणि मला सुरुवातीला तो अवघडलेला वाटायचा. आता वाटतं, वाद्यावर इतकं काही येणाऱ्या माणसाने तिथे गळ्याची कसलीच कारागिरी केली नाही, हेच बरं. नामजपाला कोणी ताना घेत नाही. म्हणता म्हणता तो पट्टी एका पूर्ण स्वराने खाली, काळी दोनवर आणतो. का? तर पुढचा भाग, ‘रेझोल्यूशन’, तिथूनच सुरू होणार आहे.

पायरी ३: एकेकाच्या मागे जा

पहिलं ऐकणं झालं की लगेच मत बनवू नका. दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावा, आणि या वेळी एकाच वादकाच्या मागे राहा.

पहिल्या फेरीत गॅरिसन. तानपुऱ्याची सवय असलेल्या कानाला जाझमध्ये पाय टेकायला जागा सापडत नाही. इथे ती बास देतो. ‘रेझोल्यूशन’ची सुरुवातही तो एकटाच करतो, वीसेक सेकंद, आणि मग सॅक्सोफोन एकदम कोसळतो. या अल्बममधली माझी सर्वांत आवडती जागा हीच. ‘पर्सुअन्स’च्या शेवटी तर तो दोन-तीन मिनिटं एकटाच वाजवतो. बहुतेक लोकांचा हात मोबाइलकडे जातो तो याच ठिकाणी, कारण आधीच्या वादळानंतर ‘काही घडत नाही’ असं वाटतं. तेवढी मिनिटं थांबा. वारीत मुक्कामाच्या आधीची चाल मंदावते तसं काहीतरी तिथे चाललेलं असतं.

दुसऱ्या फेरीत जोन्स. इथे आपल्या सवयी आड येतात. तबलजी ठेका धरतो, समेवर आपण मान टाकतो. जोन्स ठेका एका जागी ठेवत नाही. झांजेवर एक चाल, पायाने दुसरी, डाव्या हाताने तिसरी, आणि सगळ्या एकमेकींत गुंफलेल्या. सम शोधत बसलात तर दमाल. त्यापेक्षा फक्त झांजेचा आवाज धरा आणि त्यावर मान हलवू द्या. बाकीचं आपोआप त्याभोवती फिरू लागतं. ‘पर्सुअन्स’ त्याच्या एकट्याच्या वादनानेच उघडतो, साधारण दीड मिनिट.

तिसऱ्या फेरीत टायनर. पेटीवर सा, म आणि कोमल नी एकदम दाबा. हा आवाज ओळखीच्या सा-ग-पपेक्षा उघडा, अधांतरी वाटतो, घर असूनही दार लावलेलं नाही असा. टायनरचा डावा हात असेच स्वरसमूह मांडत जातो, म्हणून कोल्ट्रेनला कुठल्याही दिशेला जाता येतं. ‘पर्सुअन्स’मध्ये सॅक्सोफोनच्या आधी टायनरचं लांब वादन आहे. ही चाल बारा मात्रागटांच्या ब्लूजच्या साच्यातली आहे, तो साचा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकसंगीतातून आला. एवढ्या वेगातही तो साचा एकदाही मोडत नाही.

चौथ्या फेरीत कोल्ट्रेन. आतापर्यंत तो तुम्हाला ओळखीचा झालेला असेल.

या फेऱ्यांना घाई नको. महिना लागला तरी हरकत नाही. आणि एवढं करूनही अल्बम अंगावर येत असेल तर याच चौघांचा १९६४ मधलाच ‘क्रेसेंट’ मध्ये घ्या. तो शांत आहे, आणि त्यातून इकडे यायला सोपी पायवाट आहे.

पायरी ४: ‘साम’ ऐकताना कविता समोर ठेवा

चौथा भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. ताल नाही. जोन्स टिंपनीवर, म्हणजे नगाऱ्यासारख्या मोठ्या वाद्यावर, घुमारे उठवतो, पियानो आणि बास जागा भरतात, आणि वर सॅक्सोफोन आलापासारखा चालतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो दिशाहीन वाटतो. पण त्याची दिशा पाकिटावरच छापलेली आहे.

रेकॉर्डच्या पाकिटाच्या आत कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली एक प्रार्थना आहे. ती मिळवा आणि ‘साम’ सुरू होताच ओळीमागून ओळ वाचत जा. सॅक्सोफोन ती प्रार्थना शब्दागणिक वाजवतो आहे. बासरीवर एखाद्याने ओळखीचा अभंग धरला की शब्द कोणी न उच्चारताही आपल्याला ऐकू येतात, तसंच. ‘देवा, तुझे आभार’ या अर्थाची ओळ कवितेत पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक वेळी सुरावट खाली उतरून सा-वर टेकते. तेवढी खूण धरली तरी वाट चुकत नाही. एखादी ओळ निसटली तर पुढच्या ‘आभार’पाशी थांबा आणि तिथून पुन्हा धरा.

ही सुरावट कुठून आली? कोल्ट्रेनचा जन्म १९२६ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅम्लेट गावचा. आजोबा चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. कृष्णवर्णीय चर्चमध्ये उपदेशक बोलता बोलता एका सुरावर स्थिरावतो, आवाज चढवतो आणि ठरावीक वळणाने खाली येतो. ‘साम’मध्ये ते वळण आहे.

पायरी ५: स्वतःच्या चार ओळी लिहा

समीक्षा उघडण्याआधी वहीत चार ओळी लिहून ठेवा. काय आवडलं हे लिहिण्यापेक्षा काय ऐकू आलं ते लिहा. ‘दुसऱ्या भागात पियानो संपला की सॅक्सोफोन आधीपेक्षा जास्त किंचाळतो’ ही ओळ ‘अद्भुत अनुभव’ या दोन शब्दांपेक्षा कितीतरी कामाची. कुठे कंटाळा आला तेही लिहा. पुढे समीक्षकांना वाचताना या ओळी तुमची बाजू मांडतील.

पायरी ६: आता समीक्षा, आणि तीही तारखेच्या क्रमाने

आज उलट दिशेने वाचायची सवय लागली आहे: आधी सर्वकालीन शंभर अल्बमची यादी, मग मागे. तसं केलं तर वाटतं, या अल्बमची थोरवी सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. प्रत्यक्षात त्याच्या आधीची सात-आठ वर्षं वाचल्याशिवाय १९६५ मधल्या कौतुकाचा अर्थच लागत नाही.

१९५७ मध्ये कोल्ट्रेन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या गटात होता आणि हेरॉइनच्या आहारी गेला होता. डेव्हिसने त्याला काढलं. फिलाडेल्फियातल्या घरी त्याने ते व्यसन सोडलं. अल्बमच्या पाकिटावर तो लिहितो की त्याच वर्षी ईश्वराच्या कृपेने त्याला आध्यात्मिक जाग आली. पुढच्या वर्षी समीक्षक आयरा गिटलरने त्याच्या वादनाला एक नाव दिलं, मराठीत सांगायचं तर ‘सुरांच्या चादरी’. स्वर इतके दाट की सुटे ऐकूच येत नाहीत. समीक्षकाने खरोखर कान देऊन केलेलं हे वर्णन आहे, म्हणून ते टिकलं.

मग नोव्हेंबर १९६१. हॉलिवूडच्या एका क्लबमध्ये कोल्ट्रेन आणि त्याचा साथीदार वादक एरिक डॉल्फी यांना ऐकून जॉन टायनन या समीक्षकाने ‘डाउनबीट’ मासिकात लिहिलं की हे जाझच्या विरोधात चाललं आहे. ‘अँटी-जाझ’ हा शब्द कोल्ट्रेनला चिकटला तो तिथून. टायननची आज सर्रास चेष्टा होते, ती मला पटत नाही. लांबच लांब वादन, टोकाचा ताण, विसाव्याला जागा नाही, हे सगळं तिथे होतंच. त्याने जे ऐकलं ते बरोबर ऐकलं. हे स्विंगची, म्हणजे जाझच्या झुलत्या लयीची, मोडतोड करणारं आहे, या निष्कर्षावर मात्र त्याने फार लवकर उडी मारली. तुमच्या चार ओळींत कंटाळ्याची एखादी ओळ असेल तर ती टायननशेजारी ठेवून पाहा.

एप्रिल १९६२ मध्ये त्याच मासिकात डॉन डीमायकल यांनी कोल्ट्रेन आणि डॉल्फी या दोघांची मुलाखत घेऊन त्यांना उत्तर देण्याची संधी दिली. नवख्या वाचकाने एकच लेख वाचायचा असेल तर हा वाचावा. चिडचिड नाही, अभिनिवेश नाही. डॉल्फी पक्ष्यांच्या शिळेबद्दल बोलतो, त्यांचे स्वर आपल्या ठरलेल्या स्वरांच्या मध्येच कुठे तरी पडतात असं सांगतो आणि भारतीय संगीताचा दाखला देतो. आपल्या श्रुतींचा उल्लेख जाझच्या भांडणात असा अचानक भेटतो. त्यानंतर कोल्ट्रेनचे ‘बॅलड्स’, पियानोवादक ड्यूक एलिंग्टनबरोबरचा अल्बम, गायक जॉनी हार्टमनबरोबरचा अल्बम असे मऊ, सुरेल अल्बम आले.

या पार्श्वभूमीवर ‘डाउनबीट’चा एप्रिल १९६५ चा अंक उघडा. ‘अ लव्ह सुप्रीम’ला पाच तारे. लिहिणारे डॉन डीमायकलच. साडेतीन वर्षांपूर्वी ज्या पानांत ‘जाझविरोधी’ छापून आलं, तिथेच. वर्षअखेरीस त्या मासिकाच्या वाचकांनी कोल्ट्रेनला वर्षाचा जाझ कलावंत ठरवलं, हा वर्षाचा अल्बम ठरवला, टेनर सॅक्सोफोनमध्ये त्याला पहिलं स्थान दिलं आणि मासिकाच्या मानाच्या यादीत त्याचं नाव घातलं.

ग्रॅमीत मात्र हाती काही लागलं नाही. नामांकनं मिळाली. जाझ रचनेचं पारितोषिक गेलं लालो शिफ्रिन यांच्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या शब्दांवरच्या रचनेला, आणि लहान गटाच्या वादनाचं रॅमसे लुईस ट्रिओच्या ‘द इन क्राउड’ला. ते गाणं आजही पाय थिरकवतं, ऐकून पाहा. त्या वर्षी अमेरिकेच्या कानाला काय काय गोड लागत होतं, ते त्यातून कळतं.

यानंतर जे घडलं ते समीक्षेपेक्षा वेगळं आहे. आणि इथेच नवख्याने सावध राहायचं. जून १९६५ मध्ये कोल्ट्रेनने आणखी दहा वादकांना घेऊन ‘असेन्शन’ मुद्रित केला, अतिशय खडबडीत, मोकळा. काही रसिक दुरावले. वर्ष सरता सरता टायनरने गट सोडला, मग जोन्सने. १७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने कोल्ट्रेन वारला, वय ४०. मग आख्यायिका वाढत गेली. १९७३ मध्ये कार्लोस सँटाना आणि जॉन मॅकलॉफ्लिन यांनी इलेक्ट्रिक गिटारवर या अल्बमचा पहिला भाग वाजवला. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या नावाचं एक चर्च उभं राहिलं, तिथे प्रार्थनेत हे संगीत वाजतं. ‘रोलिंग स्टोन’च्या २००३ च्या ५०० अल्बमांच्या यादीत तो ४७ वा आला, २०२० च्या यादीत ६६ वा. अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात त्याची नोंद केली. २०२१ मध्ये त्याला दहा लाख प्रतींच्या विक्रीचं प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळालं.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी घटना वेगळीच आहे. चौथ्या भागात आपण शब्द वाजवले आहेत, हे कोल्ट्रेनने पाकिटावर स्वतः सुचवून ठेवलं होतं. तरी लुईस पोर्टर या संगीत अभ्यासकाने स्वरांखाली कवितेचे शब्द मांडून ते दाखवलं तेव्हा १९८० चं दशक उजाडलं होतं. वीसेक वर्षं लोक या अल्बमला नमस्कार करत होते, त्याच्यावर लिहीत होते, आणि ती कविता त्यांच्या हातातल्या पाकिटात होती. पोर्टर यांचं विश्लेषण थोडं तांत्रिक आहे, पण चार स्वरांचं बीज सगळ्या भागांत कसं फिरतं हे त्यांच्याइतकं स्पष्ट कोणी सांगितलेलं मी वाचलेलं नाही. स्तुतीचे दहा लेख सोडा, तो एक वाचा.

आणि विरोधातलंही काही वाचा. इंग्रज कवी फिलिप लार्किन ‘डेली टेलिग्राफ’मध्ये जाझवर लिहायचा आणि कोल्ट्रेन त्याला कधीच रुचला नाही. जुन्या जाझवरच्या प्रेमातून आलेला तो राग आहे. मला तो अन्यायकारक वाटतो, तरी वाचताना आपल्याला का आवडतं याची उत्तरं शोधावी लागतात, आणि ती शोधता शोधता आपण पुन्हा अल्बम लावतो.

पायरी ७: ‘हे तर आपलंच’ म्हणण्याआधी

भारतीय श्रोता इथे एक चूक हमखास करतो. कोल्ट्रेनने रविशंकरांचा अभ्यास केला, ऑगस्ट १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं, १९६१ मध्ये ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली, त्याच्या मागे पत्नी ॲलिस भारतीय अध्यात्माकडे वळली आणि कॅलिफोर्नियात आश्रम काढून राहिली. हे सगळं खरं आहे. पण म्हणून ‘अ लव्ह सुप्रीम’ हा रागसंगीताचा अमेरिकन अवतार ठरत नाही. स्वतः रविशंकरांनी सांगितलं आहे की कोल्ट्रेनच्या संगीतातली अस्वस्थता ऐकून ते बेचैन झाले होते. इतका नम्र, अध्यात्माकडे वळलेला माणूस, आणि वाद्यातून एवढा कल्लोळ का, असा त्यांचा प्रश्न होता.

त्या कल्लोळाला त्याचा देश कारणीभूत आहे. अल्बमचं कोल्ट्रेनच्या हातचं टिपण आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यात शेवटच्या स्वरसमूहाबद्दल त्याने लिहिलं आहे की तो ‘अलाबामा’च्या शेवटासारखा वाजावा. ‘अलाबामा’ ही त्याची नोव्हेंबर १९६३ मधली रचना. त्याच्या दोनच महिने आधी त्या राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी बॉम्ब ठेवला आणि चार मुली मारल्या गेल्या. देवाचे आभार मानणाऱ्या अल्बमचा शेवटचा सूर कसा असावा हे ठरवताना त्याला ते आठवत होतं. रविशंकरांच्या प्रश्नाचं उत्तर मला याच टिपणात दिसतं. ‘साम’चा शेवट ऐकल्यावर लगेच ‘अलाबामा’ लावून पाहा, पाच मिनिटांचाच आहे.

आपली उपमा वापरायला माझी ना नाही, मी वर मुखडा, आलाप, अभंग सगळं वापरलं. ऐकायला बसण्यापुरती ती उपयोगी पडते. बसल्यावर समोरच्याचं त्याच्या भाषेत ऐकायचं.

पायरी ८: यानंतर काय लावायचं

मूळ अल्बम तोंडपाठ झाला की त्याची प्रत्यक्ष मैफल ऐका. २६ जुलै १९६५ रोजी फ्रान्समधल्या आँतिब महोत्सवात याच चौघांनी तो अखंड वाजवला. स्टुडिओतल्या ३३ मिनिटांचा ऐवज तिथे पाऊण तासाच्या वर जातो. चार स्वर तेच, पण घाई जास्त, धार जास्त. २००२ च्या विस्तारित संचात ती मैफल आहे. त्याच संचात १० डिसेंबर १९६४ चे, म्हणजे मूळ बैठकीच्या दुसऱ्या दिवशीचे प्रयत्नही आहेत. त्यात आर्ची शेप दुसरा सॅक्सोफोन आणि आर्ट डेव्हिस दुसरा बास घेऊन आले होते. कोल्ट्रेनने ते बाजूला ठेवून चौघांचंच रूप निवडलं. दोन्ही लागोपाठ ऐकलीत तर त्याने काय टाळलं ते कळतं, आणि मला त्याचा निर्णय बरोबर वाटतो. चार स्वरांभोवतीची मोकळी जागा सहा जणांत उरत नाही.

सर्वांत शेवटी सिएटल. २ ऑक्टोबर १९६५ रोजी तिथल्या ‘पेंटहाउस’ नावाच्या क्लबमध्ये कोल्ट्रेनने हा अल्बम पुन्हा पूर्ण वाजवला. स्थानिक वादक जो ब्राझिल यांनी तो टेपवर घेतला होता, आणि ती टेप लोकांपर्यंत पोहोचली २०२१ मध्ये. सॅक्सोफोनवादक फेरोआ सँडर्ससारखे वादक सोबत आहेत, मैफल सव्वा तासाच्या घरात जाते, आणि सॅक्सोफोनचा आवाज बऱ्याच वेळा ड्रम्सच्या मागे पडतो. पहिल्या दहा मिनिटांत हरवल्यासारखं होईल. तेव्हा पुन्हा पायरी दोनवर जा: पांढरी चार, काळी चार, पांढरी चार, काळी पाच. त्या रात्री गॅरिसनच्या जोडीला डोनाल्ड गॅरेट हा दुसरा बासवादकही मंचावर आहे. ते चार स्वर कोणत्या क्षणी कोणाच्या हातात आहेत, तेवढं शोधत ऐका.